मारकुटं पोर आणि वर्गातला दादा

मिरजेतल्या एखाद्या शाळेत मधल्या सुट्टीत दुसरीच्या वर्गाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलं, तरी दोन तऱ्हेची मुलं दिसतात. एकाला नळावर पाणी पिताना मागून धक्का लागतो. तो कुणाचा लागला, कसा लागला हे न बघताच तो वळतो आणि मागच्याच्या पाठीत गुद्दा घालतो. मागचा भोकाड पसरतो, बाई धावत येतात, गुद्दा घालणाऱ्याला ओरडा बसतो. दुसरा मुलगा कुणाच्या अंगाला बोटही लावत नाही. लपाछपी सुरू होताना तो एवढंच म्हणतो, "त्याला घ्यायचं नाही. घेतलंत तर मी नाही खेळणार." बाकीचे एकमेकांकडे बघतात आणि त्या मुलाला सांगतात, "तू लिंबूटिंबू हो, नाहीतर जा." परवाही हेच झालं होतं, मागच्या आठवड्यातही. तो जाऊन पायरीवर बसतो आणि चपलेच्या टोकानं माती उकरत राहतो. कुणी रडलं नाही, म्हणून कुणी मोठं माणूस तिकडे फिरकत नाही.

पालकसभेत तक्रारी येतात त्या पहिल्याबद्दल. दुसऱ्याबद्दल सगळे म्हणतात, "हुशार आहे, पुढाकार घेतो." पहिल्याला समोरच्याच्या मनातलं नीट ओळखता येत नाही. दुसऱ्याला ते उत्तम ओळखता येतं, आणि तीच त्याची ताकद आहे. आपण मात्र दोघांनाही एकच वाक्य ऐकवतो: "दुसऱ्याला काय वाटेल याचा जरा विचार कर." पहिल्याला त्याचा थोडाफार उपयोग होतो. दुसऱ्यानं तो विचार आधीच केलेला असतो.

दुसऱ्याच्या मनात काय आहे, हे कधी कळायला लागतं?

1983 साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, मागे आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर तो चॉकलेट कुठे शोधेल? पुढे 1985 मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी हीच कल्पना दोन बाहुल्यांवर बसवली. ती घरी किंवा अंगणवाडीत करून बघता येते.

दोन बाहुल्या, झाकणाचे दोन डबे (एक निळा, एक लाल) आणि तासगावचे चार बेदाणे घ्या. एका बाहुलीला चिंगी म्हणा, दुसरीला बाळू. चिंगी बेदाणे निळ्या डब्यात ठेवते, झाकण लावते आणि खेळायला जाते. बाहुली खरोखर दाराआड नेऊन ठेवायची, नुसती बाजूला सरकवायची नाही. मग बाळू येतो, बेदाणे लाल डब्यात टाकतो आणि जातो. आता चिंगीला परत आणा आणि मुलाला विचारा, "चिंगी बेदाणे पहिल्यांदा कुठल्या डब्यात शोधेल?" उत्तर आल्यावर आणखी दोन प्रश्न विचारायचेच: "बेदाणे आता खरंच कुठे आहेत?" आणि "चिंगीनं सुरुवातीला कुठे ठेवले होते?" या दोन्हींपैकी एकही चुकलं तर पहिलं उत्तर धरायचं नाही. मुलाला गोष्टच लक्षात राहिलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

या खेळात चुका मोठ्यांच्याच होतात. आपली नजर नकळत डब्याकडे जाते. थोरली बहीण मागून उत्तर पुटपुटते. आणि सगळ्यात जास्त वेळा, आपण "नक्की का?" असं पुन्हा विचारतो. लहान मूल तोच प्रश्न दुसऱ्यांदा ऐकलं की आपलं चुकलं असं समजतं आणि उत्तर बदलतं. प्रश्न एकदाच विचारा.

तीन वर्षांचं मूल बहुधा लाल डबा सांगतं. बेदाणे तिथे आहेत हे त्याला माहीत आहे, म्हणजे चिंगीलाही माहीत असणार, असा त्याचा हिशेब. चार-पाच वर्षांचं झालं की ते निळा डबा सांगू लागतं. आपल्याला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसू शकते, हे त्याला उमगलेलं असतं. हा बदल सगळ्या मुलांमध्ये एकाच महिन्यात होत नाही. भावंडं असलेल्या मुलांना हे जरा लवकर जमतं, असं 1994 च्या एका अभ्यासात दिसलं. ज्यानं भावाच्या हातून खेळणं सोडवून घेतलंय आणि बहिणीपासून खाऊ लपवलाय, त्याला हा सराव घरातच झालेला असतो. याच सुमारास पोर थापाही मारायला लागतं. "मी नाही सांडलं" असं चार वर्षांचं मूल म्हणालं, तर आपण न पाहिलेलं आपल्याला माहीत नाही, हे त्याला कळलंय असा त्याचा अर्थ. थाप चूकच, पण पोर बिघडलं म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही.

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांना हा प्रश्न बरेचदा अवघड जातो. 1985 च्या प्रयोगात अशा 20 पैकी 16 मुलांचं उत्तर चुकलं होतं. यातली पुष्कळ मुलं बोलणं शब्दशः घेतात, चेष्टा ओळखत नाहीत, म्हणून चिडवणाऱ्यांच्या तावडीत सहज सापडतात. मात्र एका खेळावरून कुणाचंही निदान करायचं नसतं.

मारणं आधीपासून येतं, थांबणं शिकावं लागतं

कॅनडातले संशोधक रिचर्ड ट्रेम्बले यांनी मुलांचा तान्हेपणापासून पुढे कित्येक वर्षं अभ्यास केला. मारणं, चावणं, ओरबाडणं हे दोन-तीन वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि पुढे बहुतेक मुलांमध्ये कमी होत जातं. ते शाळेतून किंवा टीव्हीवरून सुरू होत नाही. बघून शिकणं होतंच, पण लहानग्याला मारायला कुणी शिकवावं लागत नाही. भाषा येते, वाट बघणं जमू लागतं, मोठी माणसं रोज अडवतात, आणि हात हळूहळू आवरायला लागतो.

म्हणून अडीच वर्षांच्या मुलानं अंगणवाडीत चावा घेतला तर भाषण देऊ नये. आधी ज्याला चावलं त्याच्याकडे जायचं. जागा साबण-पाण्यानं धुवायची, कातडी फाटली असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. मग चावणाऱ्यासमोर गुडघ्यावर बसायचं, हात हलकेच धरायचा आणि चार शब्दांत सांगायचं: "चावायचं नाही. त्याला दुखतं." लगेच, ओरडल्याशिवाय, दर वेळी त्याच शब्दांत. नंतर त्याला हवं होतं ते मागायचा शब्द द्यायचा: "'मला दे' म्हण." 'आता तुला चावून दाखवू का?' म्हणून खरंच चावणारी माणसं आपल्याकडे आहेत. त्यातून पोर एवढंच शिकतं की मोठा झाल्यावर चावलेलं चालतं.

या वयातल्या मारामारीमागे पुष्कळदा न फुटलेले शब्द असतात. जत तालुक्यात घरी कन्नड बोलणारं मूल मराठी अंगणवाडीत येतं तेव्हा पहिले काही महिने त्याच्याकडे 'माझं आहे, देऊ नको' म्हणायला मराठी शब्दच नसतात, म्हणून ते ढकलतं. ताईंनी आठ-दहा कन्नड शब्द शिकून घेतले आणि बाकीच्या मुलांनाही शिकवले तर फरक पडतो. सतत सर्दी आणि कान वाहणाऱ्या मुलाला कमी ऐकू येत असेल, तर ते हाक ऐकत नाही, नियम ऐकत नाही, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी 'हा मारतो' असं सांगू नका. 'याचं ऐकणं आणि बोलणं तपासा' असं नेमकं सांगा.

धक्का लागला की दिला?

आता नळावरच्या मुलाकडे परत येऊ. तो सात वर्षांचा आहे, शब्द भरपूर आहेत, तरी गुद्दा घालतो. केनेथ डॉज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1980 पासून अशा मुलांच्या डोक्यात त्या क्षणी काय चालतं याचा अभ्यास केला. 1994 मध्ये निकी क्रिक यांच्यासोबत त्यांनी त्याची पायरीवार मांडणी केली. मूल आधी काय घडलं ते टिपतं, मग त्याचा अर्थ लावतं, मग आपल्याला काय हवंय ते ठरवतं, मग काय काय करता येईल ते आठवतं, त्यातलं एक निवडतं आणि करतं. हे सगळं क्षणात होतं.

मारकुट्या मुलाची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या पायरीवर घसरते. धक्का लागला, पण त्याला वाटतं दिला. रांग मागून रेटली गेली होती, मागच्याचा पाय ओल्या फरशीवर सरकला होता, हे त्यानं टिपलेलंच नसतं. ज्या मुलाला घरी-दारी सतत मार बसतो, त्याच्या डोक्यात 'मुद्दामच केलं' हा अर्थ आधी उभा राहतो. चौथ्या पायरीवरही त्याच्याकडे मारण्यापलीकडे फारसं काही आठवायला नसतं. मग तो गुद्दा घालतो, समोरचा उलटून मारतो, आणि 'बघा, मी म्हणत होतो ना' असा पुरावा त्याला मिळतो. इतर मुलं त्याला टाळायला लागतात, आणि खेळाबाहेर राहिल्यामुळे दुसऱ्याचं वागणं ओळखायचा सरावही बुडतो.

याच्यावर सरावानं काम होतं. भांडण चालू असताना नव्हे, शांत वेळी, आठवड्यातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. त्याला एक प्रसंग द्यायचा: "तू ठोकळ्यांचा मनोरा रचलास. संकेत पळत आला आणि मनोरा पडला. का पडला असेल?" पहिलं उत्तर 'मुद्दाम पाडला' असंच येईल. ते खोडायचं नाही, बोटावर मोजायचं: "हे एक. आणखी काय?" तीन कारणं निघेपर्यंत थांबायचं. मग विचारायचं, "नक्की कळायला काय बघशील?" संकेत हसत होता की घाबरला होता, थांबला की पळून गेला, मागून त्याला कुणी ढकललं का. चेहरा आणि पाय बघायची सवय लावायची. शेवटी "मग काय म्हणशील?" असं विचारून ते वाक्य मोठ्यानं म्हणून घ्यायचं: "ए, माझा मनोरा पडला, परत लावायला ये." नुसतं डोक्यात ठेवलेलं वाक्य रागात सापडत नाही, तोंडात बसलेलं सापडतं. मधून एखादा खरोखर मुद्दाम पाडल्याचा प्रसंगही द्या. सगळं नेहमी चुकूनच होतं असं शिकवलं तर मूल दोन दिवसांत आपल्यावरचा विश्वास सोडतं.

ज्याला सगळं कळतं, त्याचं काय?

लपाछपीतून वगळलेल्या त्या मुलाशी जे चाललंय त्याला भांडण म्हणत नाहीत. भांडणात दोघं तुल्यबळ असतात, आज याचं तर उद्या त्याचं चालतं. नॉर्वेचे डॅन ओल्व्हेउस यांनी त्रास देण्याच्या तीन खुणा सांगितल्या: ते मुद्दाम असतं, पुन्हा पुन्हा होतं आणि दोघांची ताकद सारखी नसते. ताकद म्हणजे अंगकाठीच नाही. कोण कुणाच्या बाजूला, कुणाला भाषा येते, कुणाचा बाप कोण, मैदानात कुणाचा चेंडू आहे, हीसुद्धा ताकदच. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांची मुलं काही महिन्यांसाठी गावच्या शाळेत बसतात. त्यांच्या बोलण्याची नक्कल होते, 'कोपीवरचं' (कोपी म्हणजे ऊसतोड कामगारांची झोपडी) असं नाव पडतं, पोषण आहाराच्या रांगेत त्यांना मागे सारलं जातं. हंगाम संपला की ही मुलं जाणारच आहेत, म्हणून त्यांच्या बाजूनं उभं राहायला कुणाला कारण वाटत नाही. सांगली जिल्ह्यातल्या शाळांनी सगळ्यात आधी इथे लक्ष घालावं.

असे प्रकार करणारं मूल 'बिनडोक' असतं, त्याला समाजात वागायचं कळत नाही, ही समजूत जुनी. जॉन सटन, पीटर स्मिथ आणि जॉन स्वेटनहॅम यांनी 1999 मध्ये सात ते दहा वर्षांच्या 193 मुलांचा अभ्यास मांडला. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायच्या गोष्टींमध्ये म्होरक्यांना त्यांच्या पाठीराख्यांपेक्षा आणि त्रास सोसणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले. विचार केला तर पटतं. कुणाला काय बोललं की तो रडेल, कोण बाईंना सांगणार नाही, 'कट्टी' म्हटलं की कोण घाबरेल, हे ओळखल्याशिवाय दादागिरी चालतच नाही. मन ओळखणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुःखानं आपला जीव कळवळणं वेगळं. पहिलं असताना दुसरं नसू शकतं.

इथे एक सावधगिरी. पाच-सहा वर्षांपर्यंत या भूमिका पक्क्या नसतात. आज सोसणारं मूल महिन्यानं दुसऱ्याच गटात असतं, आणि अंगणवाडीतला त्रासही बराचसा समोरासमोर, उघड असतो. बालवाडीतल्या पोरावर 'दादा' असा शिक्का मारू नका. त्यानं काय केलं तेवढंच बोला.

म्होरक्याची ताकद बघणाऱ्यांत असते. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिव्हल्ली यांनी 1996 मध्ये वर्गातल्या भूमिका मोजल्या: त्रास देणारा, त्याला हात देणारा, हसून चेव आणणारा, सोसणाऱ्याची बाजू घेणारा, नुसता बघून दूर राहणारा आणि स्वतः सोसणारा. लपाछपीतल्या त्या पोरांनी 'तूही ये' एवढं म्हटलं असतं तर खेळ तिथेच बदलला असता. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवर चित्रण करून केलेल्या एका निरीक्षणात, एखादं मूल मध्ये पडलं की निम्म्याहून अधिक वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला. पण मध्ये पडणारी मुलं थोडी असतात, कारण पुढचा नंबर आपला लागेल ही भीती असते.

शाळेत नेमकं काय करायचं

आधी दोन आठवडे वही ठेवा. दिवस, वेळ, जागा, कोण, त्याच्या लगेच आधी काय झालं, मग काय केलं, बाकीच्यांनी काय केलं, शेवटी कुणाला काय मिळालं. एका प्रसंगाला दोन ओळी पुरतात. 'तो खूप त्रास देतो' असलं काही लिहायचं नाही. पंधरा दिवसांनी वही वाचली की जागा समोर येतात, आणि त्या बहुधा मोठ्यांची नजर नसलेल्याच असतात: मुताऱ्यांची रांग, नळ, वर्गामागचा बोळ, व्हॅनची मागची सीट, वडापमधून उतरून घरापर्यंतची उसाच्या कडेची वाट. तिथे पाच मिनिटं एक मोठं माणूस उभं राहिलं तरी निम्मं काम होतं.

दोघांना समोरासमोर आणून "हात मिळवा, सॉरी म्हणा" हा प्रकार तुल्यबळ भांडणात ठीक आहे. इथे त्यानं नुकसान होतं. सोसणाऱ्याला पुन्हा त्याच नजरेसमोर उभं राहावं लागतं, आणि म्होरक्या बाईंच्या देखत गोड सॉरी म्हणून व्हॅनमध्ये त्याचा वचपा काढतो. दोघांशी वेगवेगळं बोला. सोसणाऱ्याला सांगा, "यात तुझी चूक नाही, आणि तू सांगितलंस असं मी कुणाला सांगणार नाही." म्होरक्याशी बोलताना "तू असं केलंस का?" असा प्रश्न टाळा, त्याला नकार द्यायला जागा मिळते. "तीन दिवस तो खेळाबाहेर होता, हे मी पाहिलं. उद्या तो खेळात असेल यासाठी तू काय करशील?" असं विचारा आणि तो सांगेल ते वहीत लिहून घ्या. त्याचा पुढाकार खरा आहे, त्याला काम द्या, पण इतरांवर सत्ता चालवायचं नको. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मॉनिटर करणं म्हणजे त्याच्या हातात आयती काठी देणं.

गट पाडताना "आपापले गट करा" म्हणू नका. एकच मूल दर वेळी उरतं आणि तीस जणांच्या देखत उरतं. चिठ्ठ्या टाका किंवा बाईंनी नावं घ्यावीत. बघणाऱ्या मुलांना 'धीट व्हा' म्हणण्याऐवजी करता येण्याजोग्या तीन गोष्टी शिकवा: हसायचं नाही, त्याला "चल आपण तिकडे जाऊ" म्हणून घेऊन यायचं, आणि येऊन सांगायचं. चहाडी आणि मदत मागणं यांतला फरकही फोडून सांगावा लागतो. कुणाला ओरडा बसावा म्हणून सांगितलं ती चहाडी, कुणाचा त्रास थांबावा म्हणून सांगितलं ती मदत. पहिलीच्या मुलांनाही हा फरक कळतो.

छडीचा विषय थोडक्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. कायदा बाजूला ठेवला तरी मारून मारणं थांबवायला गेलं की पोर जोर कुणाचा हेच शिकतं.

घरी

रविवारी रात्री नाहीतर सोमवारी सकाळीच पोट दुखणं, सुट्टीत न दुखणं. डबा रिकामा येतो आणि तरी आल्या आल्या भुकेनं कासावीस. पट्टी, रबर रोज हरवणं. अंथरूण ओलं करायची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणं. नेहमीच्या वाटेनं घरी न येणं. यातली दोन-तीन एकत्र दिसली तर विचारपूस करा. "तुला कोण मारतं?" असं विचारल्यावर बहुतेक मुलं 'कुणी नाही' म्हणतात. "मधल्या सुट्टीत तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? डबा कुणी कुणी खाल्ला?" असं विचारा. "तूपण दोन ठेवून द्यायच्या" हा सल्ला आपल्याकडे फार प्रेमानं दिला जातो. ज्याची ताकद कमी आहे त्याला तो देणं म्हणजे त्याला दोनदा हरवणं. शाळेत जाताना तारखा आणि घटना कागदावर घेऊन जा, त्या मुलाच्या आई-बापाला परस्पर गाठू नका. वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, शाळेची तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, असं वर जाता येतं. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालतो.

आणि कळवळा? तो बोलण्यातून रुजतो, पण उपदेशातून कमी. ज्युडी डन आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये छापलेल्या अभ्यासात पन्नास मुलांची घरातली बोलणी नोंदवली होती. ज्या घरांत तीन वर्षांच्या आतल्या पोरांशी राग, भीती, आनंद, त्यांची कारणं यांवर जास्त बोललं जायचं, त्या मुलांना सात महिन्यांनी दुसऱ्याच्या भावना आणि समजुती जास्त चांगल्या ओळखता आल्या. त्यासाठी वेगळा तास लागत नाही. सांगलीच्या गणपती मंदिराबाहेर एखाद्या मुलाच्या हातून फुगा सुटतो, ते वर बघत ओठ काढतं. तिथेच थांबून विचारा, "त्याला आत्ता काय वाटलं असेल? त्याच्या आईला दिसलं का? आपण काय करू या?" शेवटचा प्रश्न सोडू नका. ओळखून तिथेच थांबायचं हे म्होरक्याला आधीच येत असतं.

मुलाचं मारणं वयाच्या पाच वर्षांनंतरही घर, शाळा, शेजार सगळीकडे चालू असेल, मुक्या जनावरांना जाणूनबुजून इजा होत असेल, किंवा सोसणारं मूल जेवायचं-झोपायचं थांबलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडून बालमानसतज्ज्ञांकडे जा, वाट बघू नका.

बाईंनी एकदा बोलून विषय मिटला असं धरू नये. आठवड्यानं आणि मग महिन्यानं त्या मुलाला एकट्याला विचारावं, "काल कोणता खेळ खेळलास? राज्य कुणावर होतं?" त्यानं दोन-तीन नावं घेतली, आणि एकदा राज्य आपल्यावरही होतं असं कुरकुरत सांगितलं, तर तो लिंबूटिंबू उरलेला नाही.